रायपूरचे लोखंड चूर्ण का होत नाही?

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांच्या एका योजनेला मंजुरी दिली. दुर्मीळ मृदा धातूंपासून तयार होणाऱ्या स्थायी चुंबकांचे वर्षाला ६,००० टन उत्पादन देशातच व्हावे, हा या योजनेचा हेतू आहे. त्या वर्षी ४ एप्रिलपासून चीनने या धातूंच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे उत्पादन घटवावे लागले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य सर्वसामान्यांच्याही लक्षात आले. त्यामुळे निर्णयाचे स्वागत झाले आणि चर्चा मुख्यतः चीनभोवती फिरत राहिली. योजनेच्या अधिकृत नावातील एका शब्दाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तो शब्द म्हणजे 'सिंटर्ड'.

धातूचे बारीक चूर्ण करायचे, ते साच्यात दाबून आकार द्यायचा आणि धातू न वितळवता, केवळ तापवून त्याचे कण एकमेकांशी सांधायचे, या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. ज्या शास्त्राचा हा गाभा आहे, त्याला मराठीत चूर्ण धातुविज्ञान असे नाव आहे. कारखान्यांतून मात्र पावडर मेटलर्जी हाच शब्द चालतो. चुंबकांची टंचाई ही खनिजांची टंचाई तर आहेच, पण खनिजापासून शुद्ध चूर्ण आणि चूर्णापासून अचूक वस्तू बनवण्याची जी साखळी लागते, तिच्यातील उणिवेचाही तो परिणाम आहे. ही उणीव समजून घ्यायची असेल, तर छत्तीसगडच्या राजधानीकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

गुढियारीच्या पलीकडे

मुंबई-हावडा लोहमार्गावरील रायपूर स्थानकाच्या मागील बाजूस उतरले की गुढियारी लागते. दाट वस्तीचा आणि घाऊक व्यापाराचा हा भाग आहे. येथून उत्तरेकडे भनपुरी, बिरगाव, उरला आणि सिलतरा अशी औद्योगिक वसाहतींची रांगच सुरू होते. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, विजेच्या इंडक्शन भट्ट्या आणि सळया व अँगल लाटणाऱ्या रोलिंग मिल हे या पट्ट्याचे मुख्य रूप. शहराच्या उत्तर भागातील रहिवाशांची एक तक्रार वर्षानुवर्षे कायम आहे. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि झाडांच्या पानांवर काळी धूळ साचते, ही ती तक्रार.

मराठी वाचकांना हा भाग अगदीच परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत रायपूरचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चालत असे. रायपुरातील तात्यापारा ही वस्ती आणि महाराष्ट्र मंडळ ही संस्था त्या संबंधांची आजही आठवण देतात. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आज जो पोलाद उद्योग उभा राहत आहे, तो बऱ्याच अंशी रायपूरने आधी चोखाळलेल्या वाटेनेच जात आहे. म्हणून रायपूरला काय साधले आणि काय साधले नाही, याचा विचार विदर्भालाही आवश्यक आहे.

भारत हा जगातील सर्वांत मोठा स्पंज आयर्न उत्पादक देश आहे. २०२३-२४ या वर्षात देशाचे उत्पादन पाच कोटी टनांहून अधिक झाले. त्यात छत्तीसगडचा वाटा मोठा आहे. हे लोखंड बनते कसे, हे पाहिले तर एक विलक्षण बाब ध्यानात येते. लोहखनिज आणि दगडी कोळसा एका लांब, आडव्या, सावकाश फिरणाऱ्या भट्टीत घातला जातो. तापमान साधारण १,००० ते १,१०० अंश सेल्सियस ठेवले जाते. लोखंड वितळायला १,५३८ अंश लागतात. म्हणजे येथे लोखंड वितळतच नाही. खनिजातील प्राणवायू तेवढा निघून जातो आणि त्याच्या जागी असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. स्पंजासारख्या या रचनेमुळेच त्याला हे नाव पडले.

चूर्ण धातुविज्ञानातील लोखंडी चूर्णाचा औद्योगिक इतिहासही नेमका येथूनच सुरू होतो. स्वीडनमधील होगानेस या गावी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एमिल सियुरिन या तंत्रज्ञाने अत्यंत शुद्ध मॅग्नेटाइट खनिज कोकच्या भुकटीबरोबर मातीच्या नळकांड्यांत भरून, न वितळवता, त्याचे स्पंज आयर्न केले. सुरुवातीला ते पोलाद बनवण्यासाठीच विकले जाई. पुढे ते दळून, चुंबकाने निवडून आणि हायड्रोजनमध्ये पुन्हा तापवून त्याचे चूर्ण करण्यात येऊ लागले. मोटारींच्या उद्योगाला या चूर्णाची गरज पडली आणि होगानेस हे नाव जगभर लोखंडी चूर्णाशी जोडले गेले. त्याच नावाच्या कंपनीचा भारतातील कारखाना महाराष्ट्रात, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे आहे.

थोडक्यात, सिलतऱ्याच्या भट्टीत जे घडते आणि होगानेसच्या भट्टीत जे घडले, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील आहे. इतकेच काय, न वितळवलेल्या लोखंडाची परंपरा या प्रदेशात त्याहून कितीतरी जुनी आहे. मध्य भारतातील अगरिया जमात मातीच्या छोट्या भट्ट्यांत, पायाने चालवायच्या भात्यांनी, असेच लोखंड काढत असे. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये या जमातीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभही अशाच न वितळलेल्या लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून आणि एकमेकांशी सांधून घडवलेला आहे. असे असताना रायपूरचे लोखंड आज जवळजवळ सगळेच पुन्हा वितळवले जाते आणि इमारतीच्या सळईच्या रूपाने विकले जाते. चूर्णाचा उद्योग मात्र पुणे, अहिल्यानगर आणि बंगळूरू येथे वाढला.

चूर्णापासून वस्तूपर्यंत

हे घडण्याची कारणे समजण्यासाठी या तंत्राचा थोडा परिचय आवश्यक आहे. सिंटर केलेल्या वस्तू आपल्या घरातही असतात. टेबल फॅन आणि मिक्सरच्या मोटारीतील तेल पिणारी पितळी रंगाची बुश ही त्यांपैकी एक. कांस्याच्या चूर्णापासून बनलेल्या या बुशमध्ये मुद्दाम छिद्रे राखलेली असतात आणि त्यांत तेल मुरवलेले असते. म्हणूनच तिला वर्षानुवर्षे वंगण द्यावे लागत नाही. भिंतीला भोक पाडणाऱ्या ड्रिलचे कठीण टोक, मोटारसायकलच्या ऑइल पंपातील दातेरी चाके, शॉक ॲब्सॉर्बरमधील पिस्टन, गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरचे हब आणि इंजिनाच्या झडपांच्या बैठका हीदेखील याच तंत्राची निर्मिती आहे.

यातील प्रचलित पद्धतीत साधारण एक दशांश मिलिमीटर आकाराच्या कणांचे लोखंडी चूर्ण घेतात. त्यात ग्राफाइट, तांबे किंवा निकेल यांसारखे घटक आणि थोडे वंगण मिसळतात. हे मिश्रण पोलादी साच्यात ४०० ते ८०० मेगापास्कल इतक्या प्रचंड दाबाखाली दाबले जाते. बाहेर पडलेला भाग खडूसारखा ठिसूळ असतो. जाळीच्या पट्ट्यावरून तो सावकाश भट्टीतून नेतात. तेथे साधारण १,१२० अंश तापमानाला, हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या वातावरणात, कणांच्या सीमेवरील अणू एकमेकांत सरकतात आणि कणाकणांमध्ये धातूचे पूल तयार होतात. लोखंड वितळत नाही, तरी एकसंध होते. या पद्धतीचे आर्थिक बळ असे, की कच्च्या मालाचा ९५ टक्क्यांहून अधिक हिस्सा प्रत्यक्ष वस्तूत उतरतो. लेथ किंवा मिलिंग यंत्रावर तीच वस्तू कोरून काढायची, तर पुष्कळ धातू किसाच्या रूपाने वाया जातो.

दुसरी पद्धत आहे मेटल इंजेक्शन मोल्डिंगची. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ती व्यवहारात आली. प्लॅस्टिकच्या बादल्या आणि डबे ज्या प्रकारच्या यंत्रावर बनतात, तशाच यंत्रावर येथे धातूचे भाग ओतले जातात. त्यासाठी कण फार बारीक लागतात. साधारणतः एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही लहान. मेण आणि पॉलिमर यांचे मिश्रण बांधणीसाठी वापरतात आणि आकारमानाच्या सुमारे ६० टक्के धातू त्यात मिसळतात. साच्यातून निघालेल्या भागातील मेण व पॉलिमर आधी विद्रावकाने, आम्लाच्या वाफेने किंवा उष्णतेने काढून टाकतात. नंतर तो भाग १,२०० ते १,४०० अंशांच्या भट्टीत सिंटर होतो. या वेळी तो प्रत्येक बाजूने १५ ते २० टक्के आक्रसतो. म्हणजे १० मिलिमीटरचा भाग हवा असेल, तर साचा सुमारे १२ मिलिमीटरचा करावा लागतो आणि आक्रसण्याचे प्रमाण प्रत्येक वेळी अगदी तंतोतंत तेवढेच राहावे लागते. घड्याळांचे भाग, दात सरळ करण्यासाठी लावायचे ब्रॅकेट, शस्त्रक्रियेची उपकरणे, मोबाइलमधील बिजागऱ्या आणि टर्बोचार्जरची पाती अशा, बहुधा शंभर ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू या पद्धतीने बनतात.

भारतात या दुसऱ्या पद्धतीचा पाया घालण्याचे श्रेय बंगळूरूच्या इंडो-एमआयएम या कंपनीकडे जाते. १९९० च्या दशकात कृष्णा चिवुकुला यांनी ती उभी केली आणि आज तिची गणना या क्षेत्रातील जगातील अग्रगण्य उत्पादकांत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये चिवुकुला यांनी आपल्या शिक्षणसंस्थेला, आयआयटी मद्रासला, २२८ कोटी रुपयांची देणगी दिली, तेव्हा हे नाव वृत्तपत्रांत झळकले. पहिल्या पद्धतीचे केंद्र मात्र पुण्याच्या परिसरात आहे. पिंपरीत महिंद्रा सिंटर्ड प्रॉडक्ट्स या नावाने वाढलेला उद्योग पुढे जीकेएन सिंटर मेटल्स या नावाने चालू राहिला. २००७ मध्ये स्थापन झालेली सिंटरकॉम ही कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात आली. मोटारींचे कारखाने शेजारी, साचे बनवणारे कुशल कारागीर हाताशी आणि चूर्णाचा कारखाना अहिल्यानगरला, अशी सोय पुण्याला लाभली.

अडथळा कोठे आहे?

रायपूरकडे लोखंड आहे, वीज आहे, भट्ट्या आहेत आणि भट्टीवर काम करण्याची सवय असलेले मनुष्यबळ आहे. असे असूनही तेथील लोखंड थेट चूर्णाच्या कामी येत नाही. याचे पहिले कारण शुद्धता हे होय. फिरत्या भट्टीत कोळशाच्या सान्निध्यात तयार झालेल्या स्पंज आयर्नमध्ये सिलिका, ॲल्युमिना, गंधक, स्फुरद आणि न निघालेला काही प्राणवायू शिल्लक असतो. सळईसाठी ते चालते. कारण वितळवताना बरीचशी घाण मळीच्या रूपाने वर येते. चूर्णाच्या बाबतीत वितळवण्याची पायरीच नसल्याने जे आत आहे, ते वस्तूतही राहते. सिलिकाचा एखादा कठीण कण लाखो रुपयांच्या साच्यावर ओरखडा काढू शकतो आणि गिअरच्या दाताला तडा जाण्यास तेवढे निमित्त पुरते. चांगल्या चूर्णात लोखंडाचे प्रमाण ९८.५ ते ९९ टक्क्यांच्या वर असावे लागते. होगानेसच्या यशाचे रहस्य भट्टीइतकेच तेथील खनिजाच्या शुद्धतेत होते.

दुसरा मार्ग चूर्ण फवारण्याचा आहे. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर पाण्याचे जोरदार फवारे सोडले, की तिचे बारीक कण होतात. आज जगातील लोखंडी चूर्णाचा मोठा भाग असाच बनतो. रायपुरात इंडक्शन भट्ट्यांना तोटा नाही, मग हे तरी का होऊ नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु साध्या इंडक्शन भट्टीत धातू वितळतो, शुद्ध होत नाही. विशेषतः स्फुरद तेथे कमी करता येत नाही. त्यासाठी निवडक भंगार किंवा अतिशय शुद्ध लोखंड आणि नंतर शुद्धीकरणाची वेगळी व्यवस्था लागते. तात्पर्य, दोन्ही मार्ग शेवटी खनिजाच्या प्रक्रियेपाशी येऊन थांबतात.

तिसरा अडथळा हायड्रोजनचा. चूर्णाला अखेरचे शुद्ध रूप देताना आणि वस्तू सिंटर करताना भट्टीत प्राणवायूचा लवलेशही चालत नाही. हायड्रोजन किंवा अमोनियाचे विघटन करून मिळालेला वायू तेथे लागतो. या बाबतीत छत्तीसगडमध्ये एक लक्षणीय घडामोड झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. तिच्या अंतर्गत पोलाद क्षेत्रातील प्रायोगिक प्रकल्पांची निवड ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. त्यांतील एक प्रकल्प सिम्प्लेक्स कास्टिंग्ज आणि तिच्या सहकाऱ्यांचा असून आयआयटी भिलाई त्यात सहभागी आहे. कोळशाऐवजी केवळ हायड्रोजन वापरून दिवसाला ४० टन स्पंज आयर्न बनवण्याचा त्याचा उद्देश आहे. कोळसा नाही, म्हणजे कोळशाबरोबर येणारी राख आणि गंधकही नाही. हा प्रकल्प पोलादाचे प्रदूषण कमी करण्यासाठी आखलेला आहे. परंतु उत्तम प्रतीचे खनिज वापरले, तर अशा लोखंडापासून चूर्ण बनवणे कितीतरी सोपे होईल, ही बाब धोरणकर्त्यांनी दुर्लक्षू नये.

चौथा अडथळा दिसत नाही, पण तोच सर्वांत अवघड आहे. टनाच्या व्यापाराची आणि नगाच्या व्यापाराची संस्कृतीच वेगळी असते. सळईच्या गिऱ्हाइकाला भाव आणि वजन पुरते. गिअर घेणारा मोटार कारखाना प्रत्येक घाणीचा तपासणी अहवाल मागतो, वर्षभर नमुने पारखतो, साचा मान्य करतो आणि मगच मागणी नोंदवतो. तोवर गुंतवणूकदाराला दम धरावा लागतो. रायपूरच्या उद्योजकाला बाजारात भाव चढला की भट्टी पेटवणे आणि उतरला की बंद करणे, याची सवय आहे. चूर्णाच्या धंद्यात असे करता येत नाही.

उशीर झाला आहे का?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. सिंटर केलेल्या भागांचा सर्वांत मोठा ग्राहक पेट्रोल आणि डिझेलवर चालणारे वाहन हा आहे. विजेच्या वाहनात इंजिन नाही, झडपा नाहीत, ऑइल पंपाचे जुने रूप नाही आणि गिअरबॉक्सही अगदी साधा असतो. मग मावळत्या बाजारपेठेसाठी नवा उद्योग उभा करावा काय? पुण्याच्या कारखान्यांनाही आज हाच प्रश्न भेडसावत आहे.

उत्तर असे, की बाजारपेठ संपत नसून बदलत आहे. विजेच्या मोटारीला लागणारी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांची चुंबके हीदेखील सिंटर केलेलीच असतात. त्यांच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा लोखंडाचा असतो. मिश्रधातूचे तीन ते पाच मायक्रॉनपर्यंत बारीक चूर्ण करून, चुंबकीय क्षेत्रात त्याचे कण एका दिशेला वळवून, दाबून आणि निर्वात भट्टीत सिंटर करून ती बनतात. यातील दुर्मीळ घटक लोखंड नाही, हे खरे. तरीही चूर्ण हाताळण्याचे, भट्टीचे वातावरण राखण्याचे आणि तपासणीचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच ही चुंबके बनवता येतील. सरकारने ७,२८० कोटींची तरतूद केली म्हणजे हे ज्ञान आपोआप निर्माण होईल, असे समजणे धाडसाचे ठरेल.

दुसऱ्या बाजूने कोळशावरच्या लोखंडावरही दबाव वाढत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणारे पोलादच हरित या वर्गात मोडते. कोळशाच्या भट्टीतील स्पंज आयर्नवर आधारलेल्या पोलादाला ही मर्यादा गाठणे कठीण आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन व्यवस्था प्रत्यक्ष शुल्काच्या टप्प्यात आली. तत्पूर्वी डिसेंबर २०२५ मध्ये पोलादापासून बनणाऱ्या पुढील टप्प्यातील अनेक वस्तूही तिच्या कक्षेत आणण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने मांडला. रायपूरचा बराच माल देशातच खपतो, म्हणून हा फटका लगेच बसणार नाही. परंतु ज्या उद्योगाची सारी भिस्त स्वस्त कोळशावर आहे, त्याला पुढील दोन दशके आज आहे तसे राहता येणार नाही, हे उघड आहे.

अर्थात, एक भ्रम येथेच दूर केला पाहिजे. सारे स्पंज आयर्न चूर्णाकडे वळेल, असे कधीही होणार नाही. साऱ्या जगाची लोखंडी चूर्णाची गरज भारताच्या स्पंज आयर्न उत्पादनाच्या लहानशा अंशाएवढीच आहे. म्हणून चूर्णाचा उद्योग सळईच्या उद्योगाची जागा घेणार नाही. तो त्याच्या शेजारी उभा राहू शकतो आणि शुद्ध खनिज, हायड्रोजन, साचे व प्रयोगशाळा यांची जी पायाभूत रचना तो मागतो, तिचा लाभ इतर उद्योगांनाही मिळू शकतो. त्याचे खरे महत्त्व या शिस्तीत आहे.

धुळीचा धडा

या चर्चेत कामगाराचे स्थान काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी सिलतरा येथील एका पोलाद कारखान्यात पेलेट विभागातील बांधकाम कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. अवजड उद्योगातील सुरक्षिततेची स्थिती कशी आहे, हे अशा दुर्घटना सांगतात. चूर्णाचा उद्योग आकाराने लहान व दिसायला स्वच्छ असतो, म्हणून तो निर्धोक असेल, असा समज होण्याचा संभव आहे. तो समज घातक ठरेल.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅलाटिन येथे लोखंडी चूर्णाचा एक कारखाना आहे. २०११ मध्ये तेथे अवघ्या चार महिन्यांत तीन अपघात झाले. ३१ जानेवारीच्या आगीत दोन कामगारांचा बळी गेला, २९ मार्चला आणखी एक जण भाजला आणि २७ मे रोजी हायड्रोजनच्या गळतीतून झालेल्या स्फोटात तिघांनी प्राण गमावले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, तेव्हा जे आढळले ते विचार करायला लावणारे आहे. तुळयांवर आणि छताच्या कैच्यांवर साचलेली लोखंडाची बारीक धूळ हीच आगीचे इंधन ठरली होती. सळई पेटत नाही. तिचेच बारीक चूर्ण हवेत उडाले आणि ठिणगी मिळाली, तर ते पेट घेते.

रायपूरच्या उत्तर भागात धूळ ही आजवर नागरिकांच्या आरोग्याची आणि सफाईची समस्या मानली गेली. चूर्णाच्या कारखान्यात ती प्राणाशी गाठ असेल. जो औद्योगिक पट्टा आपली धूळ स्वतःच्या आवारात अडवू शकत नाही, तो हायड्रोजन आणि सूक्ष्म चूर्ण एकाच छताखाली सुरक्षितपणे हाताळू शकेल काय, हा प्रश्न उद्योजकांनी आणि कारखाने निरीक्षकांनी स्वतःला विचारला पाहिजे. धूळ आटोक्यात आणणे ही नव्या उद्योगाची पहिली पात्रता परीक्षा आहे. तीत उत्तीर्ण झाल्यास गुढियारीच्या रहिवाशांनाही दिलासा मिळेल, मग चूर्णाचा कारखाना उभा राहो वा न राहो.

जे आहे, ते जोडण्याची गरज

आश्चर्याची गोष्ट अशी, की आवश्यक साधनांपैकी बरीच रायपूरच्या आसपासच आहेत. येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे एनआयटीची, सुरुवातच १९५६ मध्ये शासकीय खनिकर्म व धातुविज्ञान महाविद्यालय म्हणून झाली. गुढियारीपासून जवळच भनपुरीत प्लॅस्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था सिपेट साचे आणि मोल्डिंगचे शिक्षण देते; इंजेक्शन मोल्डिंगला नेमके हेच कौशल्य हवे असते. भिलाईत पोलादाचा सहा दशकांहून अधिक काळाचा अनुभव आणि आता आयआयटीही आहे. हैदराबादला चूर्ण धातुविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय प्रगत संशोधन केंद्र केंद्र सरकारनेच उभारलेले आहे. या संस्थांमध्ये आणि उरला-सिलतऱ्याच्या कारखानदारांमध्ये मात्र नियमित देवाणघेवाण व्हावी, असा दुवा नाही.

छत्तीसगड सरकारचे नवे औद्योगिक धोरण १ नोव्हेंबर २०२४ पासून अमलात आले. अशा धोरणांत जमीन, वीज आणि करांच्या सवलतींवर भर असतो. चूर्णाच्या उद्योगाला त्याहून वेगळे काही लागते. लहान उद्योजकांना भाड्याने वापरता येईल अशी प्रायोगिक सिंटरिंग भट्टी, चूर्णाची शुद्धता आणि कणांचा आकार तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, साचे बनवण्याचे केंद्र आणि पहिली दोन-तीन वर्षे मागणीची हमी देणारा एखादा मोठा ग्राहक, या चार गोष्टी एकत्र आल्या, तरच नवा उद्योजक या वाटेला जाईल. रेल्वे, संरक्षण उत्पादन आणि वीजमंडळे हे सरकारी ग्राहक अशी हमी देऊ शकतात. त्यासाठी नव्या घोषणेपेक्षा खरेदीच्या नियमांत बदल करण्याची आवश्यकता आहे.

महाराष्ट्रासाठीही यातून बोध घेण्यासारखा आहे. सुरजागडच्या लोहखनिजावर गडचिरोली जिल्ह्यातील कोनसरीत स्पंज आयर्न आणि पेलेटचे प्रकल्प उभे राहत आहेत. गडचिरोली पोलादाचे मोठे केंद्र होईल, असे राज्यकर्ते सांगत आहेत. रायपूरचा अनुभव असा, की खनिज आणि कोळसा यांच्या बळावर उभा राहिलेला उद्योग टनांचे आकडे वेगाने वाढवतो, पण पुढची पायरी आपोआप चढत नाही. महाराष्ट्राकडे एक अधिकची अनुकूलता आहे. एकाच राज्यात गडचिरोलीचे खनिज, अहिल्यानगरचे चूर्ण आणि पुण्याचे सिंटर उद्योग आहेत. या तिन्हींना जोडणारी योजना आजच आखली नाही, तर पंचवीस वर्षांनी हाच लेख गडचिरोलीविषयी लिहावा लागेल.

चुंबकांच्या टंचाईने देशाला एक गोष्ट शिकवली. खनिजाचा साठा असणे आणि त्यापासून वस्तू बनवता येणे, यांत मोठे अंतर असते आणि ते अंतर संकटाच्या वेळी पैसे ओतून एका वर्षात भरून निघत नाही. रायपूरपुढील प्रश्न त्याच जातीचा आहे. न वितळवता लोखंड काढण्याची कला या प्रदेशाला शतकानुशतके अवगत आहे. त्या लोखंडाला शुद्ध करून, दळून, मोजून विकण्याची शिस्त अंगी बाणवणे बाकी आहे. त्या शिस्तीचा आरंभ गच्चीवर साचणाऱ्या काळ्या धुळीपासून व्हावा, अशी अपेक्षा गुढियारीच्या रहिवाशाने बाळगली, तर ती वावगी म्हणता येणार नाही.